अपस्फीत नीलांची शस्त्रक्रिया : रुग्णास काय सांगावे?

सोलापूर हे उभे राहून काम करणाऱ्यांचे शहर आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या गेल्या आणि यंत्रमाग आले. परंतु मागाजवळ पाळीभर उभे राहणे काही गेले नाही. चादर आणि टॉवेल विणणारा कामगार दिवसाचे आठ ते बारा तास सिमेंटच्या फरशीवर उभा असतो. त्याच्या घरातील स्त्री विड्या वळत असेल, तर ती तितकाच वेळ मांडी घालून बसलेली असते. याशिवाय शिक्षक, वाहतूक पोलीस, केशकर्तनकार, उपाहारगृहातील आचारी आणि आपल्याच औषध दुकानातील विक्रेते हेही याच गटातील होत. या सर्वांच्या पायांवर निळसर, फुगीर व वेड्यावाकड्या शिरा आपण नित्य पाहतो. रुग्ण त्यांना 'पायाच्या गाठी' म्हणतो, शल्यविशारद 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात, तर मराठी परिभाषेत त्यांना अपस्फीत नीला असे नाव आहे.

असा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याकडेच येतो. त्याचा प्रश्नही ठरलेला असतो : 'वैद्यराज, ऑपरेशन सांगितले आहे, करू का?' या प्रश्नाचे उत्तर भीतीपोटी अथवा आग्रहापोटी दिले गेले, तर रुग्णाचे नुकसान होते. म्हणून या शस्त्रक्रियेची माहिती आपण स्वतः नीट समजून घ्यावी व ती रुग्णास सोप्या शब्दांत सांगता यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रीय संदर्भ

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथींचे वर्णन करताना सिराज ग्रंथी सांगितला आहे. दुर्बल मनुष्याने अतिव्यायाम केल्यास वायू सिरासमूहास पीडित व संकुचित करून उन्नत, वर्तुळाकार ग्रंथी निर्माण करतो, असा त्याचा आशय आहे. जो ग्रंथी वेदनायुक्त व चल तो कृच्छ्रसाध्य. आणि जो वेदनारहित, अचल, मोठा व मर्मस्थानी असेल तो वर्ज्य, असेही तेथे सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी पायी चालण्याचा श्रम व त्यानंतर एकाएकी पाण्यात उतरणे हे कारण नोंदविले आहे.

सिराज ग्रंथी आणि आजची अपस्फीत नीला ही तंतोतंत एकच होत, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, आचार्यांनी हेतूमध्ये शरीरश्रमास स्थान दिले. दुसरी, साध्यासाध्यता स्पष्टपणे सांगितली. सर्वच सिराज ग्रंथी औषधाने बरे होतात, असा दावा आचार्यांनी केलेला नाही. आपणही तो करू नये.

व्याधी कसा घडतो?

पायातील अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या नीला दोन प्रकारच्या असतात. स्नायूंच्या आत असलेल्या खोल नीला सुमारे ९० टक्के रक्त वाहून नेतात. त्वचेखालील उत्तान नीलांकडे उरलेले सुमारे १० टक्के काम असते. उत्तान नीलांमध्ये दोन मुख्य आहेत : घोट्याच्या आतील बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी दीर्घ सॅफेनस नीला आणि पोटरीच्या मागून गुडघ्यामागे जाणारी लघु सॅफेनस नीला. उत्तान व खोल नीलांना जोडणाऱ्या वाहिन्यांना छिद्रक नीला म्हणतात.

या सर्व नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात व झडपा ते खाली येऊ देत नाहीत. उभे असताना घोट्याजवळील नीलांतील दाब सुमारे ८० ते ९० मि.मी. पारा इतका असतो. चालू लागताच तो ३० मि.मी.च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही हा दाब पुरेसा उतरत नाही. नीला फुगतात, सायंकाळी पाय जड होतात, घोट्याला शोथ येतो, रात्री पोटरीत वांब येतात. पुढे त्वचा काळवंडते, खाज सुटते, ती कठीण होते आणि शेवटी घोट्याच्या आतील बाजूस न भरणारा व्रण होतो.

यावरून आपल्या भागातील रुग्णास एक गोष्ट सहज पटविता येते. पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी पोटरीचा पंप चालू ठेवतो. दर्शनबारीत तासन्‌तास निश्चल उभे राहणे मात्र पायांना जाचते. अपाय चालण्याने होत नाही, तो थांबून राहण्याने होतो. आनुवंशिकता, गर्भारपण, वय आणि स्थूलता ही इतर कारणे होत.

शस्त्रक्रिया कोणास लागते?

नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा दिसत असतील व त्रास नसेल, तर शस्त्रक्रियेची निकड नाही. फुगीर शिरा आहेत परंतु तक्रार नाही, अशा रुग्णानेही घाबरून जाऊ नये. प्रत्येक अपस्फीत नीलेचा पुढे व्रण होतोच असे नाही. पुढील रुग्णांना मात्र विलंब न करता शल्यविशारदाकडे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे.

१. जडपणा, वेदना, शोथ, खाज यांमुळे दैनंदिन कामात अडथळा येत असल्यास.
२. घोट्याभोवतीची त्वचा काळी, कठीण अथवा इसबयुक्त झाल्यास.
३. नीलेत रक्त गोठून ती दोरीसारखी कठीण, लाल व वेदनायुक्त झाल्यास.
४. गुडघ्याखालील व्रण दोन आठवड्यांत न भरल्यास, किंवा पूर्वी व्रण होऊन भरला असल्यास.
५. फुगलेल्या शिरेतून रक्तस्राव झाल्यास. अशा रुग्णास त्याच दिवशी पाठवावे.

व्रणाच्या बाबतीत विलंबाचे मोल किती असते, हे ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने दाखविले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नीलाजन्य व्रणाचे ४५० रुग्ण होते. दोन्ही गटांना दाबपट्टी बांधली होती. ज्यांच्या सदोष नीलेवर दोन आठवड्यांच्या आत उपचार केला, त्यांचा व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले. ज्यांचा उपचार पुढे ढकलला, त्यांना ८२ दिवस लागले. मागावर रोजंदारीने काम करणाऱ्या माणसास २६ दिवसांचा फरक म्हणजे जवळजवळ महिन्याची मजुरी होय. त्यापूर्वी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या अभ्यासात केवळ दाबपट्टी वापरणाऱ्यांपैकी २८ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा व्रण झाला, तर दाबपट्टीसोबत शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

आधी तपासणी, मग निर्णय

शस्त्रक्रियेपूर्वी रंगीत डॉप्लर सोनोग्राफी अत्यावश्यक आहे व ती रुग्णास उभे करून केलेली असावी. उत्तान नीलेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ रक्त उलटे वाहत असेल, तर ती झडप सदोष मानतात. कोणती नीला, कोणत्या ठिकाणी, आणि खोल नीला मोकळी आहे किंवा कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात असली पाहिजेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खोल नीला पूर्वीच्या गाठीमुळे बंद असेल, तर वरच्या फुगलेल्या शिरा हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असतो. तो बंद केल्यास पाय अधिक सुजतो. डॉप्लर न करताच शस्त्रक्रियेचा दिवस ठरला असेल, तर रुग्णाने थांबून विचारणा करावी, असे आपण निःसंकोच सांगावे.

शस्त्रक्रियेचे प्रकार

बंधन व निर्हरण : जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९० च्या सुमारास दीर्घ सॅफेनस नीला बांधण्याची पद्धती रूढ केली. पुढे १९०७ साली बॅबकॉक यांनी नीलेत तार घालून ती ओढून काढण्याची रीत आणली. आजही जांघेत छोटा छेद घेऊन नीला बांधतात व गुडघ्यापर्यंतचा भाग काढतात. कमरेत अथवा पूर्ण भूल द्यावी लागते. मांडीवर काळे-निळे डाग पडतात व ते काही आठवड्यांत जातात. जांघेतील जखमेत जंतुसंसर्ग आणि मज्जातंतूस इजा होऊन पायाच्या आतील बाजूस बधिरपणा, हे संभाव्य उपद्रव होत.

लेसर व रेडिओफ्रीक्वेन्सी : या पद्धती १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आल्या. सोनोग्राफीच्या साहाय्याने नीलेत बारीक नळी घालून उष्णतेने ती आतून बंद करतात. नीलेभोवती बधिर करणारे द्रव सोडले जात असल्याने बहुधा पूर्ण भूल लागत नाही व रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. एका अर्थी हे नीलेच्या आतून केलेले अग्निकर्मच म्हणावे लागेल. काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखे वाटते. त्वचा भाजणे व खोल नीलेत गाठ होणे हे उपद्रव क्वचित आढळतात.

फेसाचे इंजेक्शन : पॉलिडोकॅनॉल अथवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट या औषधाचा फेस करून तो नीलेत सोडतात. छेद नाही, खर्च तुलनेने कमी; परंतु पुन्हा पुन्हा करावे लागण्याचा संभव अधिक व त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतात. काहींना इंजेक्शननंतर थोडा वेळ अंधुक दिसते.

वैद्यकीय गोंद : सायनोअॅक्रिलेट नावाच्या गोंदाने नीला चिकटवितात. भूल अत्यल्प लागते. परंतु हा पदार्थ शरीरातच राहतो व काहींना त्याची अॅलर्जी येते. खर्चही अधिक असतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१३ साली जो क्रम दिला, त्यात प्रथम उष्णतेची पद्धती, ती योग्य नसल्यास फेस आणि तीही योग्य नसल्यास बंधन-निर्हरण असे सांगितले आहे. तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात लेसर व जुनी शस्त्रक्रिया या दोहोंनंतर रुग्णांचे जीवनमान फेसाच्या तुलनेने चांगले आढळले. म्हणजे जुनी पद्धती टाकाऊ झाली, असे नव्हे. जेथे लेसरचा खर्च परवडत नाही, तेथे अनुभवी हातांनी केलेली जुनी शस्त्रक्रिया हा सन्मान्य पर्याय आहे.

रुग्णाचे नेहमीचे प्रश्न

'शीर काढली तर रक्त कुठून जाणार?' — सुमारे ९० टक्के रक्त खोल नीलांतूनच जाते. सदोष नीला रक्त वर नेतच नव्हती. उलट खाली सोडत होती. ती बंद झाल्याने पायाचा भार कमी होतो.

'पुढे हृदयाच्या बायपाससाठी ही शीर लागली तर?' — फुगलेली व वाकडी झालेली नीला बायपासला सहसा योग्य नसतेच. निरोगी नीला मात्र काढली जात नाही.

'पुन्हा होणार नाही ना?' — कोणत्याही पद्धतीत पुनरुद्भव होऊ शकतो. शस्त्रक्रियेने सदोष नीला जाते, पण प्रकृती व व्यवसाय तेच राहतात. कायमचा इलाज अशी हमी कोणी देत असेल, तर ती मानू नये.

'कामावर कधी जाता येईल?' — उष्णतेच्या पद्धतीनंतर बहुधा काही दिवसांत, जुन्या शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन आठवड्यांत. त्याच दिवसापासून थोडे थोडे चालणे आवश्यक आहे. अंथरुणात पडून राहिल्याने गाठ होण्याचा धोका वाढतो. मागावर उभे राहणाऱ्याने सुटीचा कालावधी शल्यविशारदास आपला व्यवसाय सांगून ठरवावा. पुण्या-मुंबईचा लांबचा प्रवास आरंभीचे काही आठवडे टाळणे हिताचे.

'गरोदरपणात करावे का?' — सामान्यतः नाही. प्रसूतीनंतर अनेकींच्या नीला आपोआप ओसरतात. तोवर पाय उंच ठेवणे, डाव्या कुशीवर निजणे व दाबमोजे यांवर भर द्यावा.

'खर्च किती?' — पद्धतीनुसार त्यात मोठा फरक पडतो. म्हणून तपासणी, भूल, मोजे व पुढील भेटी धरून एकूण खर्च आधीच लेखी मागावा. आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. तेथील शल्य विभागाचे मत घेता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो किंवा कसे, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास शिधापत्रिका दाखवून विचारावे.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

येथे काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे.

एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली व दुखू लागली, तर ती केवळ वातवृद्धी समजून अभ्यंग व स्वेदन करू नये. खोल नीलेत रक्त गोठल्याची शंका प्रथम घ्यावी. मर्दनाने ती गाठ सुटून फुप्फुसात गेल्यास रुग्ण क्षणार्धात दगावू शकतो. असा रुग्ण तात्काळ रुग्णालयात पाठवावा. श्वास लागणे, छातीत दुखणे ही लक्षणे सोबत असल्यास एक मिनिटही दवडू नये.

फुगलेल्या नीलेवर सिरावेध करू नये. तेथील दाब अधिक व त्वचा पातळ असते. सुश्रुताचार्यांनी ७०० सिरांपैकी ९८ अवेध्य सांगितल्या, त्यांत शाखांतील १६ आहेत. कोठे वेध करू नये, हे जाणणे हाही शल्यशास्त्राचाच भाग होय. जलौकावचरण व्रणाच्या परिसरात अनेक वैद्य करतात. परंतु रक्त पातळ करणारी औषधे घेणारा, पांडू असलेला अथवा अनियंत्रित मधुमेह असलेला रुग्ण त्यातून वगळावा. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास कदापि लावू नये.

दाबपट्टी बांधण्यापूर्वी पावलावरील नाडी पाहावी. मधुमेही व तंबाखू सेवन करणाऱ्या रुग्णांत धमनीचा अवरोध असतो. तेथे घट्ट पट्टी बांधल्यास पाऊल काळे पडून ते गमावण्याची वेळ येते. सुश्रुताचार्यांनी चौदा बंधांपैकी अनुवेल्लित बंध शाखांसाठी सांगितला आणि बंधाचे गाढ, सम व शिथिल असे भेदही केले. स्थानानुरूप ताण हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे : घोट्याशी दाब सर्वाधिक असावा व वर जाताना तो कमी होत जावा.

अनेक वर्षांच्या व्रणाच्या कडा उंचावल्या, अथवा व्रण फुलकोबीसारखा वाढू लागला, तर कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासणीस पाठवावा.

शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाने आपण दिलेल्या औषधांची यादी शल्यविशारदास दाखविलीच पाहिजे. लसूण व गुग्गुळकल्प यांचा रक्तस्तंभनावर परिणाम होण्याची शक्यता ध्यानात घेऊन ते केव्हा थांबवावेत, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांचीही माहिती द्यावी.

मग आपले स्थान कोणते? बिघडलेली झडप औषधाने पूर्ववत होत नाही, हे मान्य करूनही ते मोठे आहे. व्रणाचे शोधन-रोपण, मलावष्टंभ व स्थौल्याची चिकित्सा, मधुमेहाचे नियंत्रण, आहारविहार आणि शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा ही कामे शल्यविशारदाकडून पुरेशा वेळात होत नाहीत. ती आपण करू शकतो. मागावरील कामगारास दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा वेळा टाचा उचलण्यास सांगावे. जेवणाच्या सुटीत व रात्री पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावेत. विड्या वळणाऱ्या भगिनींनी तासातून एकदा उठून घरातल्या घरात चालावे. यास पैसा लागत नाही.

औषधालय चालकांसाठी

दाबमोजे हे औषधाइतकेच काळजीने देण्याची वस्तू आहे. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. अंदाजाने आकार देऊ नये. सकाळी, सूज नसताना घोटा व पोटरीचा घेर आणि पायाची लांबी मोजावी.
२. साधारणतः सांगितला जाणारा दुसऱ्या वर्गाचा मोजा सुमारे २३ ते ३२ मि.मी. पारा इतका दाब देतो. वर्ग चिठ्ठीप्रमाणेच द्यावा.
३. मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावा, रात्री काढावा. वरची कड गुंडाळून ठेवू नये. तेथे आवळपट्टी होते.
४. साधारण सहा महिन्यांनी मोज्याचा दाब कमी होतो; तो बदलावा.
५. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की रुग्ण मोजे सोडून देतात. गुडघ्यापर्यंतचा मोजा सुचवावा व त्वचा कोरडी ठेवण्यास सांगावे. 'उन्हाळाभर नको' असे परस्पर सांगू नये.
६. व्रणावर निरनिराळी मलमे बदलून देऊ नयेत. या रुग्णांची त्वचा हळवी झालेली असते. निओमायसिनसारख्या औषधांनीही इसब भडकते.
७. मधुमेही रुग्ण, पाऊल थंड असलेला रुग्ण व पोटरी एकाएकी सुजलेला रुग्ण मोजा मागावयास आला, तर त्यास आधी वैद्याकडे पाठवावे.

याखेरीज शिरेतून रक्तस्राव झाल्यास करावयाचा प्रथमोपचार प्रत्येक दुकानातील नोकरास ठाऊक असावा. रुग्णास आडवे करावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने त्या जागीच दहा ते पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरावे. मांडीस दोरी अथवा रुमाल बांधू नये; त्याने रक्त वर जाणे थांबून स्राव वाढतो. रुग्णास उभे अथवा खुर्चीवर बसवून ठेवल्यास साध्या शिरेतूनही प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो.

उपसंहार

अपस्फीत नीलांची शस्त्रक्रिया ही सुरक्षित, परंतु योग्य निवडीवर अवलंबून असलेली शस्त्रक्रिया आहे. प्रत्येकास ती नको. ज्यास हवी त्यास मात्र वेळेवर हवी. रुग्ण आपल्या शब्दावर विसंबतो, म्हणूनच आपला शब्द तोलून दिलेला असावा. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या, उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे पाय एकदा उजेडात, उभे करून पाहावेत; घोट्याजवळची काळवंडलेली त्वचा व्रण होण्यापूर्वीच ओळखावी आणि पुढील मार्ग त्यास नीट समजावून सांगावा, ही विनंती.